लाईन

तस्लीमनं फोटो धाडला रात्री साडेनवाला.
खड्डा. खड्ड्यात दगडांच्या ओळी,
वीतभर पण उंच न्हाईत.
खाली लिहिलंय : ओळखा, अब्बा, काय आहे.

चष्मा पुसला.
दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला.
खोलीला खोली चिकटून, दहा-अकरा एका रांगेत,
पुढं लहान, मागं मोठी,
समोर खांबांची भोकं, म्हणजे पडवी.
टोकाचं घर तेवढं ऐसपैस, मोरी वेगळी.
मी लिहिलं, ही लाईन हाय.
टोकाला जमादार राहत असणार.

लगेच फोन.
जर्मनीत अजून ऊन, वारा नुसता घोंघावतोय.
"तुम्हाला कसं कळलं? रोमन सैन्याची बरॅक आहे,
दोन हजार वर्षं होत आली.
जोडखोलीत आठ जण. पुढं भाले, ढाली, मागं झोपायचं.
टोकाला त्यांचा अधिकारी."
म्हटलं, पोरी, आपण राहतो कुठं?

लाईन बाजार.
पलटण गेली, लाईन गेली, बाजार राहिला.
शेवटची एक रांग तेवढी उरली व्हती चिंचेमागं.
तिच्यात माझा बाप भाड्यानं राहिला,
तिच्यातच मी थापी धरायला शिकलो.
आता तिथं सात मजले, खाली पार्किंग,
आणि जुना पाया उकरायचं काम
माझ्याच अंगावर.

"मागची खोली केवढी?" मी विचारलं.
ती मीटरात सांगाय लागली.
म्हटलं, फुटात बोल.
"पंधरा बाय पंधरा."
दुसऱ्या दिवशी मी टेप टाकला : बारा बाय दहा.
आणि आम्ही नऊ माणसं.
रोमन लोकांचं बरं व्हतं.

रोज एक फोटो येतो.
दगड नदीतला, गोल. चुना पातळ.
दर्जा घाईत भरलेल्या,
पण कोपरा बघ, गुण्याला गुण्या.
ही रोजगारानं बांधलेली भिंत न्हाई,
हुकमानं बांधलेली हाय, मी सांगितलं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं म्हणे.
तिच्या साहेबाला वाचून दाखवलं.

एकदा पितळी ओळंबा पाठवला, हिरवा पडलेला.
मी पेटीतला माझा काढून शेजारी धरला.
दोरीचं भोक सुद्धा तिथंच.

मंगळवारी जेसीबी आला.
आनंदा ड्रायव्हर म्हणाला, मामा, सरका.
तिसऱ्या दाराचा उंबरा निघाला, उलटा पडला, सुलटा झाला,
आणि मी वरडलो, थांब!

दगडावर चौकोन, त्यात चौकोन, त्यात चौकोन,
मधून रेघा.
नवकंकरी.
बाप आणि कासम टेलर, संध्याकाळी,
एकाकडं चिंचोके, एकाकडं मडक्याच्या खापऱ्या,
अंधार पडला तरी बोटांनी चाचपून खेळायचे.
रेघा त्यांनी मारल्या न्हवत्या.
आधीच व्हत्या, बाप म्हणायचा.
कुण्या शिपायाला पहाऱ्यावर कंटाळा आला असंल.

मी फोटो धाडला.
बराच वेळ काही न्हाई.
मग तिचा आला :
तसलाच दगड, तसलेच तीन चौकोन,
एक कोपरा फुटलेला.
तिकडं ह्याला भलतंच नाव हाय.
"अब्बा, तुमच्या दगडाला नंबर टाकलात का?
कुठल्या खोलीचा, किती खोलीवर?"
माझ्याकडं कोळसा व्हता. मागं लिहिलं,
तिसरं दार, आमचं.

आनंदानं इंजिन बंद केलं न्हाई.
इंजिनियर साहेब घड्याळ बघत व्हते.
दगड कुठं ठेवायचा ते मी अजून ठरवलं न्हाई,
घरात जागा न्हाई, आणि पायात परत घालवत न्हाई.

फोन वाजला.
"आतला चौकोन, डावा कोपरा. माझा पहिला खडा.
आता तुमची पाळी."

मी चिंचेखाली वाकलो
आणि चिंचोका हुडकाय लागलो.