बावीस प्लग

सगळ्यात आधी मी भिंतीतले प्लग मोजले.
बावीस. पैकी तीन मेलेले.
संचालक म्हणाले, झिविले, आधी घोषवाक्य ठरव,
टी-शर्टांचा रंग ठरव.
हो म्हटलं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड मागवले.

क्लायपेडाच्या बंदरात आमची कंपनी थंडी विकते.
हेरिंग, लोणी, पोत्यांनी ब्लूबेरी
उणे वीस अंशांवर निजवून ठेवायची
पुढचं जहाज येईपर्यंत.
अशा कंपनीला हॅकेथॉन भरवायची होती,
कारण रीगातल्या कुणीतरी भरवली होती.

प्रश्न कुठून आणायचे?
वरच्या मजल्यावरून अकरा आले, छापील,
प्रत्येकात 'भविष्य' हा शब्द.
मी गमबूट चढवले, चार नंबरच्या दाराशी गेले.
अल्गिमान्तास, सव्वीस वर्षं फोर्कलिफ्टवर,
सिगारेट अर्धी होईतो बोलला नाही.
मग म्हणाला, "दार."
उरलेली अर्धी ओढून: "उघडं राहतं.
हातमोज्यानं ते बटण दाबलं जात नाही.
हातमोजा काढला तर बोटं जातात."
बारावी चिठ्ठी मी हातानं लिहिली,
व्याकरणासकट त्याचीच.

नियम थोडेच केले.
एका खात्याची दोन माणसं एका टेबलावर नकोत.
ज्यांची पोरं लहान त्यांनी आठला घरी जावं,
जागरणाला वेगळे गुण नाहीत.
आणि एक कागद, टी-शर्टांच्या बिलामागे,
संचालकांच्या सहीचा:
नंतरचे दोन आठवडे, चार हजार युरो,
कुठल्या कामाला ते मी ठरवणार.
बिल मोठं होतं, त्यांनी मागची बाजू
नीट वाचली नसावी.

नोव्हेंबरचा शुक्रवार. खाडीवर धुकं,
पलीकडची वाळूची पट्टी पुसलेली.
भाषणाला दहा मिनिटं राखली होती,
नमनाला घडाभर तेल, सत्तावीस गेली.
मग खुर्च्या सरकल्या, चौतीस माणसं,
काळ्या पावाचा वास, वायरींचं जाळं,
आणि पावणेचारला कुणीतरी
किटली त्याच बोर्डात खुपसली.

अंधार.
वॉचमन वायदोतास टॉर्च घेऊन फ्यूज शोधत फिरला,
तळघरात, मग जिन्याखाली, मग पुन्हा तळघरात.
माझं वेळापत्रक, सहा रंगांचं, मला दिसत नव्हतं.
ऐकू मात्र येत होतं:
हिशेबखात्याची दांगुओले
अल्गिमान्तासला हातमोज्याचं माप विचारत होती.
त्यानं हातमोजाच दिला.
तिनं तो घातला आणि अंधारात
टेबलाची कड, स्वतःचा फोन, बशी
एकेक दाबून पाहू लागली.
दिवे आले तेव्हा ती कोपरानं दाबत होती.

शनिवारी सादरीकरण, प्रत्येकी तीन मिनिटं,
माझ्या स्वयंपाकघरातल्या अंड्याच्या घड्याळावर.
पहिला आला दौमान्तासचा नकाशा:
प्रत्येक कंटेनर एक ठिपका, ठिपके सरकतायत,
सभागृह मान डोलावतंय.
दांगुओलेच्या गटाकडे प्लायवूडची फळी,
मागे जुन्या दाराची घंटा.
तिनं कोपर मारलं. काही नाही.
पुन्हा मारलं. अल्गिमान्तास मंचावरून
गंभीरपणे म्हणाला, "ट्रिंग."
तिसरे आले. हसण्याला बक्षीस असतं तर पहिले.

सोमवारी मी तो कागद काढला.
संचालक बराच वेळ आपली सही बघत राहिले.
फळीला? म्हणाले.
फळीला, म्हटलं.

मार्चमध्ये दौमान्तास व्हिल्नियसला गेला,
नकाशाचा पासवर्ड त्याच्याबरोबर.
ठिपके अजून सरकत असतील कुठेतरी.
चार नंबरला मी पुन्हा गमबूट घालून गेले.
दोन्ही हातांत खोकी, अल्गिमान्तासनं बघितलं नाही माझ्याकडे,
कोपर मारलं.
घंटा वाजली. दार मिटलं,
आतली थंडी आत.

मग बाहेर येऊन त्यानं सिगारेट पेटवली.
अर्धी झाल्यावर म्हणाला, "दिवा."
मी वही काढली,
उरलेली अर्धी संपायची वाट बघत.