मोहननगरच्या मागचं मूरहेड

केवळराम खोब्रागडेंकडे एक नकाशा आहे.
मिलच्या हजेरीपटाच्या पाठीवर, निळ्या कार्बनने,
वरून खाली नदी, नदीच्या कडेने गावं:
क्लार्क्सडेल, टटवायलर, मूरहेड,
मधोमध तुरुंगाचं शेत,
आणि अगदी वर, कागद संपतो तिथे, शिकागो.
"शिकागो संपत नाही," ते म्हणतात, "कागद संपला."

एका कॅसेटच्या आतल्या घडीवरून त्यांनी ती गावं उतरवली,
इंदोऱ्याच्या वाचनालयात, अ‍ॅटलास उघडून,
ब्लो-रूममधून सुटल्यावर, भुवयांवर तसाच कापूस.
गाण्यातले शब्द त्यांना कळत नव्हते.
खोकला कळत होता.
रुई छातीत बसली की आवाज कुठून फाटतो
हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळलं होतं.

"तिकडं लढाई झाली, त्यायचा कापूस अडला,
म्हणून इकडच्या कापसाले भाव आला,
म्हणून मिल आली, म्हणून माहा बाप आला, म्हणून मी."
हे खरं किती, मला माहीत नाही.
पण सांगताना ते कुणा नातेवाइकाबद्दल सांगावं
तसं सांगतात, थोडं रागावून.

तिकडच्या पोरांचं ऐकून त्यांनीही एकदा
दाराच्या चौकटीला गाठीची तार ठोकली,
तारेखाली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली,
आणि चाकूच्या पाठीने रात्रभर वाजवत बसले.
सकाळी काकूंनी तारेवर ओला टॉवेल टाकला.

मिल बंद झाली. त्यानंतर ते एवढंच म्हणत:
भोंगा गेला, मले अजून पाचले जाग येते.
भोंगा गेला ना बाप्पा, मले अजून पाचले जाग येते.
जागा होऊन पाह्यतो, तं जायाले जागा नाही.

मग रिकाम्या पहाटेंत त्यांनी नकाशा नागपुरात वाटला.
कमाल चौकातला बाजार: शिकागोची ती पेठ,
जिथे दुकानातून वायर ओढून रस्त्यावर गिटार वाजे.
मोतीबागची छोटी लाईन: टटवायलर,
कारण गाडी लेट झाल्याशिवाय माणूस गात नाही.
तुरुंगाच्या शेताला मात्र जागा दिली नाही.
"ते तिकडंच राहू दे."
आणि मूरहेड, जिथे दोन रेल्वे एकमेकींना काटकोनात छेदतात,
ते मोहननगरच्या मागे. डायमंड क्रॉसिंग.
हे तर देवानंच, म्हणणार होते,
मग म्हणाले, "हे तं इंजिनिअरनंच करून ठेवलं."

त्यांची उत्पला मेम्फिसला नर्स आहे.
सुटीच्या दिवशी गाडी काढून ती निघाली,
बापाच्या नकाशातल्या एका ठिपक्याकडे.
इकडे पहाटेचे साडेचार. मी लुना काढली,
मागे ते, मफलर, छातीशी मोबाईल.

"बाबा, पोचले. रूळ आहेत. गवत आहे. एक पाटी आहे."
"गाडी?"
"दुपारपासून बसलेय. एक पण नाही."

ते काही बोलले नाहीत.
कुंपणाच्या जाळीतून हात घातला, कोपरापर्यंत,
फोन रुळांकडे धरला.
कोळशाची मालगाडी आली. एकोणसाठ वाघिणी, मी मोजल्या.
तिरक्या रुळांवर प्रत्येक चाक दोनदा आपटत गेलं.
सगळी गेली, तरी हात जाळीतच.
फोनमधून बारीक आवाज: "बाबा, परत."
"थांब. दक्षिणेकून एक येऊन राहिली."

तीही गेली.
मग उत्पलाच्या बाजूने बराच वेळ
रातकिडे ऐकू येत राहिले. तिकडचे.

परतताना तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
त्यांनी चमच्याने प्लेटच्या काठावर
एक ठेका वाजवला. तोच पुन्हा वाजवला.
तिसऱ्यांदा चमचा वर धरून थांबले.
पोहेवाल्याने विचारलं, "काका, काय देऊ?"
तर्रीवर साय धरत होती.