बारा चित्रांचा एक सेकंद

पहिल्या रविवारी प्रणिल सरांनी सांगितलं,
चेंडू काढा. पडणारा, आपटून चपटा होणारा,
पुन्हा वर जाणारा.
कोपरखैरणे, झेरॉक्सवाल्याच्या वरचा मजला,
आम्ही अकरा जण, त्यात दुभिंगी चष्म्याची मी एकटीच.
मी कांदा काढला.
सत्तावीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर पट्ट्या लिहितेय,
हाताला दुसरं गोल येत नाही.

जुन्या पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात, पानागणिक एक.
अंगठ्याखालून फर्रकन सोडलं
तर कांदा पडला आणि थेट पानाबाहेर उसळला.
सर हसले, "काकू, हा रबराचा झाला."
खरंच. कांदा उसळत नाही.
एकदा थबकतो, शेंडीकडे कलतो
आणि सापडेल त्या फटीत जाऊन गप्प बसतो.
मला हे माहीत होतं, हाताला नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात कात्रणकाम.
बाकीच्यांनी रंगीत कागद आणले, मी सालं.
गुलाबी, तांबूस, एक जवळजवळ पारदर्शक.
पंखा बंद, श्वास बंद,
सालाचा पक्षी केसभर सरकवायचा, फोटो, पुन्हा केसभर.
दिवा कोळीवाड्यातला रिद्धेश शेजारीच
खाडीच्या गाळाचा खेकडा चालवत होता.
दर फोटोला गाळ सुकायचा, तडकायचा,
खेकडा तासाभरात म्हातारा झाला.
तो म्हणाला, असू दे, तसाच घेतो.
माझ्या पक्ष्यावर कुणीतरी शिंकलं.
चार सेकंदांतला एक वाचला.

मग सर म्हणाले, आता खरा माणूस.
व्हिडिओ घ्या, त्यावरून गिरवा.
मी हिंदुरावांना विचारलं. जावळीकडचे,
आमच्या गाळ्यावरचे सगळ्यात जुने माथाडी.
"काढा की. पण मी थांबणार न्हाई, ट्रक उभाय."
पाठीवर पन्नास किलो, गाळ्यापासून ट्रकपर्यंत एकोणीस पावलं.
रात्री लेकीच्या जुन्या टॅबवर गिरवत बसले.
पोत्याचा थर वेगळा, हिंदुरावांचा वेगळा,
एका सेकंदाची बारा चित्रं, डावा पाय, उजवा पाय,
शेवटचं चित्र पहिल्याला जोडलं
की माणूस चालतच राहतो.

"छान," सर म्हणाले. "फक्त वजन जाणवायला हवं."
वजन नक्की कुठं असतं ते बघायला
मी पोत्याचा थर बंद केला.
पोतं गेलं.
मान तशीच.
गुडघे तसेच, उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली,
हात मानेमागे हवा घट्ट धरून.
सर काही बोलले नाहीत. उठून पंखा लावला.

सोमवारी आवक कमी होती.
हिंदुरावांना मोबाइलवर दाखवलं. पोत्यासकट.
त्यांनी हुक कमरेला अडकवला, मोबाइल लांब धरला,
सहा-सात फेऱ्या पाहिल्या.
"चाल माझीच," म्हणाले. "पण ताई,
ह्यात मी च्याला कधी थांबतो?"

पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.
पोतं उतरवायला अठरा चित्रं. पाठ सरळ व्हायला
चाळीस, ती लगेच होत नाही.
दहा मिनिटांचा चहा, सेकंदाला बारा:
सात हजार दोनशे.
सर म्हणतात, बशीची वाफ तेवढी हलवा,
बाकी चित्र स्थिर ठेवा, सगळेच असं वाचवतात.
पण हिंदुराव चहा पिताना स्थिर कुठं असतात.
बशीत ओततात, फुंकतात,
एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतात,
लांबच्या कुणाला तरी हाक मारतात.

आज एकशे चौदावं चित्र झालं.
बशी अजून ओठांपर्यंत आलेली नाही.