पावणेतीन

पहिलं घड्याळ सायकलच्या चेनचं.
बहात्तर कड्या, दर सहावी पिवळी रंगवलेली,
फिरवायला जळक्या कूलरची मोटर, मीच पुन्हा भरलेली.
एक कडी खिळ्याखालून सरकली की दहा मिनिटं.
पत्की सर दुकानासमोर थांबले,
चष्मा वर-खाली केला, कड्या मोजल्या, चुकले, पुन्हा मोजल्या.
"डोकं आहे तुझं," म्हणाले, "पण वाजले किती?"
आणि स्वतःचं मनगट बघून शाळेत गेले.

दुसरं दिव्यांचं.
एक, दोन, चार, आठ;
जे पेटलेत त्यांची बेरीज करायची, झाला तास.
वाजेद टेलर म्हणाला, "कामून ओ, दिवाळी तर लांब आहे."
त्याची फरहाना सहावीत. दप्तर पाठीवर, पळता पळता ओरडली,
"अकरा! अब्बू, अकरा वाजले!"
बापानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग दिव्यांकडं,
मग कापड तसंच मशीनखाली सोडून बराच वेळ पुन्हा तिच्याकडं.

तिसऱ्याला मी घड्याळ म्हणायलाही लाजत होतो.
आढ्याला ताणकाटा, त्याला बादली,
वरच्या टाकीतून सलाईनच्या नळीची बारीक धार,
तासाला एक लिटर.
टाकी उतरली की धार मंदावते, म्हणून आत तरंगता चेंडू;
त्या चेंडूपायी माझा अख्खा उन्हाळा गेला.
दुपारी बाराला बादली रिकामी करायची, बस.

वसमतच्या मोंढ्यातून लिंबाजी कऱ्हाळे येत होता,
पाठीवर हळदीचं पोतं, मान वाकडी.
थांबला नाही. नुसती बुबुळं वर केली.
"पावणेतीन. चला रे, गाडी येऊ लाली."

संध्याकाळी मी विचारलं, कसं वाचलंस?
तो माझ्याकडं असा बघत राहिला
जसं मी विचारलं, पाणी कसं पितोस.
"वाचायचं काय त्यात? तीनला पाव कमी."

सव्वा, दीड, अडीच, पावणे.
मापाला आणि वेळेला आपण शब्द एकच ठेवलेत.
हे मला वायंडिंगच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता खरं सांगतो.
रोज अडीचला लाईट जाते,
दिव्यांचं घड्याळ अंधारतं,
आणि हॉटेलवाला सोनाजी त्या विझलेल्या पट्टीकडं बघून चहा टाकतो.
हमाल उठतात, वाजेद पाय सैल करतो.
कुणाला बेरीज लागत नाही.
माझ्या हातचं सगळ्यांना वाचता येणारं हे एकच,
आणि तेसुद्धा वीज मंडळाचं.

सातला दुकान आवरताना
लिंबाजी बादली काट्यावरून उतरवतो,
पायऱ्यांवर बसून हातपाय धुतो.
सात लिटर, वर थोडं.
पिवळं पाणी नालीकडं जातं.
ताणकाटा वर हलत राहतो, शून्याच्या आसपास.