सेवापुस्तक

निवृत्तीनंतर जर्मन शिकतेय, याचं सुनेला हसू येतं.
बुधवार-शनिवार, भांडारकर रस्ता, दुसरा मजला.
बाकीची मुलं नोकरीसाठी शिकतात,
मी बहुधा नोकरी सुटत नाही म्हणून.

दाबकेसरांनी गृहपाठ दिला: एका पाणबुडीचा सेवावृत्तान्त, दीड पान.
क्रमांकाचा शेवटचा आकडा झेरॉक्समध्ये गेलेला.
अडतीस वर्षं कॅम्पात, लष्कराच्या हिशेब कार्यालयात,
मी हेच तपासलं.
हात आपोआप रकाने आखू लागला.

रुजू दिनांक: ऑगस्ट, बेचाळीस.
प्रशिक्षण: बाल्टिकमध्ये सहा महिने. समाधानकारक.
फिरती: चार.
पहिलीत काही नाही. दुसरीत वादळ,
पहाऱ्यावरचा एक पोरगा वाहून गेला. वय एकोणीस.
रजा: लोरियाँच्या गोदीत एकवीस दिवस, इंजिनाच्या कामासाठी.
(इंजिनाला कसली रजा?
आतले एक्कावन्न जण झोपले असतील पोटभर,
पण नोंद यंत्राच्या नावावर.)

तिसरी फिरती. कामगिरी: एक मालवाहू जहाज,
चार हजार दोनशे बारा टन.
इथे पेन्सिल अडली.
जहाज मुंबईहून निघालेलं, म्हणजे ताग, चहा, मँगनीज,
म्हणजे डेकवर बाणकोटचे, हर्णैचे, राजापूरचे कुणी.
समासात लिहिलं:
आक्षेप एक. खलाशी टनांत धरले आहेत काय?
पावती जोडलेली नाही.

चौथ्या फिरतीला निघाली. तिसऱ्या दिवशी बिनतारी संदेश, सर्व ठीक.
पुढे कोरं.
युद्ध संपल्यावर कुणीतरी भरलं: विमानातल्या बॉम्बने, अमुक तारखेला.
चाळीस वर्षांनी ते खोडलं,
तो बॉम्ब दुसरीवरच पडला होता म्हणे.
सुधारित नोंद: कारण अज्ञात.

म्हणजे तिकडे कुठल्याशा गावात
एखादी म्हातारी चाळीस वर्षं ज्या तारखेला मेणबत्ती लावायची
ती तारीख चुकीची.

आमच्या चार नंबरच्या खिडकीवर
लोणंदच्या शेवंताबाई धायगुडे यायच्या, दर जूनला.
नवरा बर्फात बेपत्ता.
सात वर्षं झाल्याशिवाय मृत धरता येत नाही, मी सांगायचे.
त्या विचारायच्या, मग तवर काय धरायचं?
मी शिक्का पुसत म्हणायचे,
पुढच्या वर्षी या.
पाचव्या जूनला आल्या नाहीत. फाइल अजून तिथेच असेल,
उघडी.

सर म्हणतात, घाबरू नका, पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं,
अगदी आपल्यासारखं.
शेवटपर्यंत थांबायचं फक्त.

सगळं झालंय. एकच वाक्य राहिलंय:
एक्कावन्न माणसं पोटात घेऊन ती, मार्चमधल्या त्या पहाटे,
बिस्केच्या उपसागरात, पश्चिमेकडे तोंड करून, पाण्याखाली

शनिवारी वही द्यायची आहे.
सर लाल शाईत विचारतील,
क्रियापद?