नमुना क्रमांक सात

अंबाडी. खोडाची साल. येरळेचं पाणी,
निळ्या पिंपात अकरा दिवस.
असं मी वहीत लिहिलं.
‘कुजवली’ हा शब्द सरांनी खोडला,
वर लाल शाईत ‘जलप्रक्रिया’.

गजराआत्ती दिवस मोजायची नाही.
गुडघे धड होते आणि डोहाला वाळू होती तेव्हा
ती कमरेएवढ्या पाण्यात उतरायची,
दगडाखालच्या पेंढीतून एक काडी उपसायची,
बुडख्याशी नखानं साल उचकटायची.
उकडल्या रताळ्यागत सुटली, तर : आली.
नाही तर : ऱ्हाऊ द्या, कच्ची हाय अजून.

एका साली सासऱ्याच्या मयतीत तीन दिवस गेले.
सगळी भिजवण मऊ पडली,
हातात धरली की शेवया.
त्याच बेंदराला गावात
बैलांच्या गळ्यात निळा नायलॉन आला.
तो काही परत गेला नाही.

भिजवणीचा वास तिच्या लुगड्याला असायचा,
तिच्याजवळ निजायची म्हणून माझ्या फ्रॉकला.
शाळेत माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही
ते त्या वासामुळं,
असं मी पाचवीपर्यंत धरून चालले होते.

धाग्याचं मला माहीत आहे ते एवढं :
फूल पुरतं उमलायच्या आत कापावा,
बी धरलं की राठ होतो.
बुडखा जाड, शेंडा बारीक,
म्हणून पेडात उलटसुलट घालावा.
पाणी प्याला की फुगतो, गाठ आवळते,
मग ती सोडवायला दात लागतात नाही तर विळा.
सुटायच्या आधी कुरकुरतो,
माणसाला हात काढून घ्यायला वेळ देतो.
नायलॉन देत नाही.

आणि हे माहितीत बसत नाही, तरी :
आज्यानं वळलेला सोल
गावविहिरीत दिवसभर खालीवर व्हायचा.
आज्या काठापासून आठ पावलांवर,
ओंजळ करून.

तासगावहून सांगलीला येताना
खिडकीतून ताग दिसतो, कमरेएवढा, हिरवागार.
पिवळी फुलं दिसायला लागली की रोटर फिरतो,
अख्खं रान पोटात घेतं, वर ऊस.
चांगलंच असतं ते जमिनीला.
मी तरी मान वळवून बघते,
इतका दोर मातीत चाललेला.

विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत
यंत्राला दोन जबडे आहेत.
मी एकेक धागा अडकवते, कळ दाबते.
पडद्यावर आकडा चढतो, थांबतो, शून्य होतो.
वीस धागे, वीस आकडे,
एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.
सर म्हणाले, तफावत फार आहे,
ह्या मालाला कारखाना विचारणार नाही.

रात्री फोनवर आत्तीला सांगितलं.
ती म्हणाली, “येक येक धागा तोडत बसलीस व्हय दिवसभर?
आन् त्येचा पगार देत्यात?”
मग खोकली बराच वेळ.
मग म्हणाली, “काड्या टाकू नगंस. चुलीला चांगल्या पेटत्यात.”
माझ्याकडं गॅस आहे, हे ती विसरते.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर
तुटके धागे कचऱ्याच्या डब्यातून काढले.
जीन्सवर वळून पाहिले, सरकत राहिले.
पॉलिशच्या टेबलावर, तेही नाही.
आत्तीच्या उजव्या मांडीवर
तळहाताएवढी जागा आहे गुळगुळीत, फिकट,
तिथं लव उगवतच नाही.
लहानपणी मी त्यावर गाल ठेवायची.

बाथरूमला आतून कडी लावली.
कपडे बदलायच्या खुंटीला जीन्स टांगली.
उघड्या मांडीवर थुंकी लावून
दोन पेड वेगवेगळे पुढं ढकलले,
मग दोन्ही एकत्र, मागं.
ते एकमेकांत शिरले.

वीतभर दोरी झाली, एका जागी जाड, दोन ठिकाणी बारीक.
तिला नमुना क्रमांक नाही.
यंत्राला लावली नाही.
कपाटाची किल्ली तिच्यात ओवली,
मांडी संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती.