उजवा खिसा

काउंटरवर हिरवी बनात अंथरली
आणि तिच्यावर तीन ठेवली.
ओडेसा प्रुएटनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला,
थर्मामीटर वाचताना घेते तसा.

बाहेर कोळशाचा ट्रक उतार उतरला, काचा थरथरल्या.
केंटकीच्या या घळीत बंदुका आणि गळाची गांडुळं
एकाच दुकानात मिळतात, एकाच पावतीवर.
ती कशाला आली हे मी विचारलं नाही.
सगळ्या घळीला ठाऊक होतं.
मरणाला टेकलेल्यांच्या घरी ती जाते,
बॅगेत दुखणं निजवायची औषधं.
ऑक्टोबरात पुलापाशी दोघांनी तिची गाडी अडवली.
त्यातल्या एकाला लहानपणी
गोवराची लस तिनंच टोचली होती.

मी माझं तीस वर्षांचं पाठांतर सुरू केलं.
हे पोलादाचं. जड आहे, पण हातात शांत राहतं.
हे हलक्या धातूचं, खिशात आहे हे विसराल,
उडालं की मात्र तळव्याला चावेल.
वजन कुठं जात नाही, बाई.
रोज थोडं थोडं वाहा
नाहीतर एका क्षणात सगळं झेला.
आणि याचा घोडा आत दडवलेला,
घाईत काढताना अस्तरात अडकायचा नाही.
घरं पाचच.

"पाच? मला वाटलं सहा असतात."
सहावं काढलं की अंगानं बारीक होतं, मी म्हणालो.
"मला सहा होती," ती म्हणाली.
"एक गेलं. मी काही बारीक झाले नाही."

मी बनातीची सुरकुती सारखी केली.
पाचही रिकामी घरं तिला उघडून दाखवली,
भिंतीकडे नळी धरून ती चाप ओढू लागली.
सांध्याशी सुजलेलं बोट. अर्ध्यावर थांबलं.
पुन्हा.
तिसऱ्यांदा टक् झालं
आणि आवाज एवढासा होता
की आम्ही दोघंही ऐकत राहिलो.

मग तिनं जे केलं ते गिऱ्हाईकं करत नाहीत.
लोक आरशात बघतात. बाहू ताणतात.
ती कोट घालून बादलीवर बसली, उठली,
नाडी बांधल्यासारखी वाकली,
पलंगावर कुणाला कुशीवर वळवावं
तसं हवेला वळवून पाहिलं.
"हे," ती म्हणाली. दडवलेल्या घोड्याचं.

एक सांगायचं राहिलं, मी म्हणालो.
ज्या खिशात हे, त्यात दुसरं काही नको.
किल्ली नको, नाणं नको.
चापात काहीबाही अडकतं. माणसं अशानंच मरतात.

तिनं उजवा खिसा काचेवर रिता केला.
मोजपट्टी. पेनाचं टोपण.
कानातल्या यंत्राचा चपटा सेल, कुणाचा तरी.
आणि पेपरमिंटच्या गोळ्या, अकरा की बारा,
कागदाला खिशातले धागे चिकटलेले.
"तोंड कोरडं पडतं त्यांचं शेवटी," ती म्हणाली,
"गिळता येत नाही, पण चव कळते."
डाव्या खिशात ठेवा, मी म्हणालो.
"हो. डाव्यात."
तिनं एकेक गोळी उचलली, मोजल्यासारखी.
मी फॉर्म पुढं सरकवला, सही कुठं करायची ते दाखवलं.

फेब्रुवारीत ती मला किराण्याच्या रांगेत दिसली.
पुढं पिकेन्सांची धाकटी, गुडघा फुटलेला, भोकाड.
ओडेसा वाकली. हात आपसूक उजव्या खिशाकडं गेला
आणि खिशाच्या तोंडाशी,
चटका बसावा तसा,
थांबला.

पोर रडायचं विसरून
त्या हाताकडं बघत होतं.
तो परत कसा घ्यायचा
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
मीही नाही.